ब्याण्णवांतलं एक्याण्णवावं

१९८६ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधल्या ९२ क्लबांची यादी वरून खाली वाचली, तर प्रेस्टन नॉर्थ एंडचं नाव ९१ वं होतं. चौथ्या डिव्हिजनच्या २४ संघांत तेविसावं. खाली एकटं टॉर्की. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तळाच्या चार क्लबांना लीगच्या वार्षिक सभेपुढे अर्ज करावा लागे की पुढच्या वर्षीही आम्हाला ठेवून घ्या. मग बाकीचे क्लब मतदान करत. प्रेस्टनने तो अर्ज केला. याच प्रेस्टनने १८८९ साली लीगचं पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं होतं, २२ पैकी १८ सामने जिंकून आणि एकही न हरता.

माझं माहेर भुसावळचं. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. लग्न होऊन प्रेस्टनला आले, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. फुटबॉलचा नाद लावला तो शेजारच्या आजींनी. त्या तरुणपणी गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या आणि लहानपणापासून प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर जात होत्या. त्यांच्याकडे १९८५-८६ च्या मोसमातली एक सामना-पुस्तिका आहे. आतल्या पानावर बारीक टाइपात गुणतक्ता छापलाय आणि प्रेस्टनच्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलने इतकी दाबून रेघ मारली आहे, की मागच्या पानावरच्या जाहिरातीवर वळ उमटलाय. ही पुस्तिका त्यांनी १९७१ च्या विजयाच्या पुस्तिकेशेजारीच ठेवली आहे. मला या क्लबचा इतिहास कळला तो या शेजारामुळे. खालच्या डिव्हिजनचं फुटबॉल पाहणारी माणसं तळाची वर्षं लपवत नाहीत; चढाच्या वर्षांइतकीच ती जपतात.

प्रेस्टन हे कापसाचं गाव. सूतकताईचं यंत्र काढणारा रिचर्ड आर्कराइट इथलाच. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रियांना आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोनला सोडणं बंधनकारक झालं. त्यांच्याशिवाय गिरणी चालणं कठीण, त्यामुळे पुरुषांनाही हळूहळू ती अर्धी सुटी मिळाली. दोनला भोंगा, घरी जाऊन चार घास, तीनला सामना. इंग्लंडमधल्या फुटबॉलची शनिवारी दुपारी तीनची वेळ या भोंग्यामागून आली आहे. गिरण्या गेल्या, वेळ राहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरने मुंबई बंदरातून जाणाऱ्या आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसावर दिवस काढले. खानदेशातल्या माणसाला हे गाव अगदीच परकं वाटायचं कारण नाही.

क्लब मोठा केला तो विल्यम सुडेल या गिरणी व्यवस्थापकाने. खेळाडूंना पैसे देणं तेव्हा नियमबाह्य होतं. सुडेलने स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणले, त्यांना गावात कामं लावून दिली, वर पैसेही दिले. १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क क्लबने तक्रार केली, तेव्हा त्याने लपवाछपवी न करता कबूल केलं आणि प्रेस्टनला एफए चषक स्पर्धेतून बाद केलं गेलं. उत्तरेकडच्या क्लबांनी फुटून निघायची धमकी दिली आणि जुलै १८८५ मध्ये पगारी फुटबॉलला मान्यता मिळाली. पुढे १८९५ साली गिरणीच्या हिशेबातल्या अफरातफरीबद्दल सुडेल तुरुंगात गेला. त्याने केलेला गुन्हा गुन्हाच. पण फुटबॉल खेळून पोट भरता येतं हा हक्क कामगारांच्या मुलांना मिळवून देण्यात त्याचा वाटा मोठा आहे, असं मी मानते.

१८८८ साली ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगरच्या पुढाकाराने १२ क्लबांची लीग उभी राहिली. त्यातले सहा लँकेशायरचे: अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन. १८९२ मध्ये दुसरी डिव्हिजन आली. १९२० मध्ये तिसरी; वर्षभरातच तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले. उत्तर विभागात रॉचडेल, हार्टलपूल्स, बॅरो, अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली अशी खाणींची, गोद्यांची, गिरण्यांची गावं आत आली. १९५८ मध्ये दोन्ही भागांची फेरमांडणी होऊन तिसरी आणि चौथी डिव्हिजन झाली. लीगची कचेरीही १९०२ पासून प्रेस्टनमध्येच होती. १९५९ मध्ये ती लिथम सेंट अ‍ॅन्सला गेली आणि चार दशकांनी परत इथे आली.

आत आलेल्याला बाहेर कसं काढायचं? ते ठरे मतदानाने. पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबांना प्रत्येकी एक मत. खालच्या क्लबांना सगळ्यांत मिळून मोजकीच मतं. आपल्यावर वेळ आली तर शेजाऱ्याने हात द्यावा, म्हणून आज आपण शेजाऱ्याला हात द्यायचा, असा सगळा व्यवहार. हार्टलपूलने चौदा वेळा अर्ज केला आणि चौदाही वेळा ते आत राहिलं. लीगबाहेरच्या क्लबांच्या दृष्टीने हा उघड अन्याय होता. १९८० साली ऑल्ट्रिंकम हा त्यांच्या लीगचा विजेता २५ मतं मिळवूनही बाहेर राहिला, कारण रॉचडेलला २६ मिळाली.

दार उघडायचं तेव्हा ते गुणांपेक्षा मर्जीवर उघडायचं. १९७२ चं उदाहरण आजीही रागाने सांगतात, आणि तो राग प्रेस्टनसाठी नसून बॅरोसाठी आहे. त्या वर्षी ५ फेब्रुवारीला लीगबाहेरच्या हेरफर्डने पहिल्या डिव्हिजनच्या न्यूकॅसलला चषक सामन्यात २-१ ने हरवलं. रॉनी रॅडफर्डने चिखलातून दुरून मारलेला गोल साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. उन्हाळ्यात हेरफर्डचा अर्ज सभेपुढे आला. बॅरो तळाला नव्हतं. त्याच्याखाली स्टॉकपोर्ट आणि क्रू हे दोन क्लब होते. तरी दुसऱ्या फेरीच्या मतदानात हेरफर्ड २९, बॅरो २०. बॅरो समुद्राकाठी एका टोकाला, जहाजबांधणीचं गाव. तिथवरचा प्रवास पाहुण्या संघांना नकोसा वाटे, हेही कारण सांगितलं जातं. बॅरोला परत यायला २०२० साल उजाडलं. १९७७ मध्ये वर्किंग्टनच्या जागी विम्बल्डन आलं, १९७८ मध्ये साउथपोर्टच्या जागी विगन. लिव्हरपूलला मोठं करणारा बिल शँक्ली त्याआधी वर्किंग्टनचा व्यवस्थापक होता. तोच शँक्ली प्रेस्टनकडून वर्षानुवर्षं खेळलेला.

अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीवर मतदानाची वेळच आली नाही. मार्च १९६२ मध्ये कर्जाखाली दबलेल्या क्लबने राजीनाम्याचं पत्र पाठवलं, मग सावरायची वाट दिसली म्हणून ते मागे घ्यायचं ठरवलं. लीगचे सचिव अ‍ॅलन हार्डेकर यांनी पत्र परत द्यायला नकार दिला. जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. क्लब बंद पडला, १९६८ मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि खालून एकेक पायरी चढत २००६ साली लीगमध्ये परतला. त्याच वर्षी लीगमधून खाली गेलेल्या दोन क्लबांपैकी एक ऑक्सफर्ड होता.

प्रेस्टनची घसरण हळूहळू झाली. १९६१ च्या जानेवारीत खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला २० पौंडांची मर्यादा उठली. ती उठायलाच हवी होती. पण मर्यादा होती तोवर टॉम फिनीसारखा खेळाडू आयुष्यभर एकाच गावाकडून खेळे आणि जोडीला प्लंबिंगचा धंदा सांभाळे. नंतर मोठ्या शहरांच्या पगाराशी गिरणीगावांना बरोबरी करता येईना. फिनी १९६० मध्ये निवृत्त झाला, प्रेस्टन १९६१ मध्ये पहिल्या डिव्हिजनमधून उतरलं, ते आजतागायत तिथे पोचलेलं नाही. १९७० मध्ये क्लब प्रथमच तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला.

आणि इथे भुसावळ येतं. १९७०-७१ च्या संघात रिकी हेपोलेट नावाचा मधल्या फळीतला खेळाडू होता. जन्म ८ एप्रिल १९४९, भुसावळ. अँग्लो-इंडियन कुटुंब, लहानपणीच इंग्लंडला गेलेलं. मोसमाच्या शेवटी प्रेस्टनचा सामना फुलहॅमच्या मैदानावर, फुलहॅम गुणतक्त्यात वर. प्रेस्टन १-० ने जिंकलं आणि तो गोल हेपोलेटचा, डोक्याने मारलेला. पुढचा रॉदरहॅमविरुद्धचा सामना ३-० ने जिंकून प्रेस्टन विजेतं ठरलं, फुलहॅमहून एका गुणाने पुढे. आजींना तो गोल आठवतो, चेंडू कुठल्या बाजूने आला हेही आठवतं; हेपोलेट भुसावळचा हे मात्र त्यांना माझ्याकडून कळलं. मी वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते आधी गप्पच झाले, मग म्हणाले, “आपल्या भुसावळचा? आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?” नंतर हेपोलेट ओरिएंट, क्रिस्टल पॅलेस, चेस्टरफील्ड, पीटरबरोकडून खेळला. इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये भारतात जन्मलेला खेळाडू तेव्हा विरळाच. भुसावळला त्याच्या नावाची एखादी पाटी असावी असं मला मनापासून वाटतं.

ज्या वर्षांत तो डीपडेलवर खेळत होता, त्याच वर्षांत मैदानाच्या आसपासच्या बैठ्या घरांच्या रांगांत भरूच-सुरतकडची गुजराती कुटुंबं राहायला येत होती. पुरुष कोर्टोल्ड्सच्या कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात रात्रपाळी करत. १९६५ मध्ये तिथल्या आशियाई आणि वेस्ट इंडियन कामगारांनी मोठा संप केला होता. मैदानाचा गलबला त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, पण आत जाणारे थोडे. तेव्हा उभ्या प्रेक्षकांतून काळ्या-सावळ्या माणसांना काय काय ऐकावं लागे, हे त्या पिढीतला कुणीही सांगेल. आज त्यांची नातवंडं पांढरा शर्ट घालून माझ्या पुढच्या रांगेत बसतात.

१९८५ मध्ये क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये उतरला. ज्या मैदानावर १९३८ साली आर्सेनलविरुद्ध ४२ हजारांवर माणसं दाटली होती, तिथे आता तीन-साडेतीन हजार. मग आला तो उन्हाळा आणि तो अर्ज. सभेने चौघांनाही परत घेतलं: एक्सिटर, केंब्रिज, प्रेस्टन, टॉर्की. मतदानाने जागा ठरवायची ती शेवटची सभा. पुढच्या मोसमापासून तळाचा क्लब थेट बाहेर जाणार आणि खालच्या लीगचा विजेता आत येणार असं ठरलं होतं.

त्याच उन्हाळ्यात डीपडेलवरचं गवत काढून प्लॅस्टिकचं मैदान टाकलं गेलं. हेतू असा की आठवडाभर ते गावातल्या पोरांना, शाळांना, हौशी संघांना वापरता यावं आणि भाड्याचे पैसे यावेत. चेंडू त्यावर उंच उसळे आणि घसरून पडलेल्या खेळाडूच्या गुडघ्याची सालपटं निघत. पाहुणे संघ त्याचा तिरस्कार करायचे. प्रेस्टन मात्र जॉन मॅकग्राच्या हाताखाली त्यावर शिकलं आणि पहिल्याच वर्षी दुसरं येऊन चौथ्या डिव्हिजनमधून बाहेर पडलं. १९९४ मध्ये ते मैदान उखडलं, तेव्हा लीगमध्ये तसं दुसरं उरलं नव्हतं.

नव्या नियमाचा पहिला घाव ९ मे १९८७ ला बसला. बर्नली, टॉर्की, लिंकन, तिघांपैकी एक बाहेर जाणार. १९६० चं विजेतं बर्नली ओरिएंटला २-१ ने हरवून वाचलं. त्या दिवशी पंधरा हजारांवर लोक आले होते. टॉर्की क्रूविरुद्ध मागे होतं. तेवढ्यात पोलिसांचा ब्रिन नावाचा कुत्रा टॉर्कीच्या जिम मॅकनिकलच्या मांडीला चावला, उपचारात वेळ गेला, पंचांनी तो वाढवून दिला आणि त्या वाढीव वेळेत पॉल डॉब्सनने बरोबरी साधली. लिंकन स्वान्सीला हरलं आणि गोलफरकावर बाहेर गेलं. शेजाऱ्यांच्या मताने कुणी वाचणार नव्हतं.

मला हा नियम योग्य वाटतो. जुन्या सभेत आपुलकी होती, पण ती आतल्यांपुरती. नियमानंतरही सगळं सरळ झालं नाही: १९९४ ते ९६ या तीन वर्षांत किडरमिन्स्टर, मॅकल्सफील्ड आणि स्टीव्हनेज हे खालच्या लीगचे विजेते मैदानाच्या निकषावर अडवले गेले. २००२ मध्ये लीगचे सामने दाखवणारी आयटीव्ही डिजिटल ही दूरचित्रवाणी कंपनी बुडाली आणि तिच्या साडेएकतीस कोटी पौंडांच्या करारावर हिशेब मांडलेले क्लब अडचणीत आले. २७ ऑगस्ट २०१९ ला बरी क्लबला पैशाच्या दुरवस्थेमुळे लीगमधून काढलं गेलं. १८९४ पासूनचा सभासद, दोनदा चषक जिंकलेला. त्यातला १९०३ चा अंतिम सामना ६-० असा. प्रेस्टनहून गाडीने तासाभराच्या आतलं गाव. त्या हिवाळ्यात आजी शनिवारचे निकाल ऐकताना बरीचं नाव येत नाही म्हणून रेडिओ बंद करायच्या. २०२३ पासून बरीचा संघ गिग लेन मैदानावर पुन्हा खेळतोय, कितीतरी पायऱ्या खाली, आणि लोक तिकीट काढून जातात.

प्रेस्टनने १९९६ मध्ये चौथी पायरी जिंकली; पहिली, दुसरी, तिसरी आधीच जिंकलेली. आता ते दुसऱ्या पायरीवर आहे, पण आम्हा दोघींची नजर निकालांत आधी लीग टू कडे, म्हणजे आजच्या चौथ्या पायरीकडे जाते, तिच्या तळाच्या चार ओळींकडे. २००३ पासून दोन क्लब खाली जातात, दोन वर येतात. अलीकडे तिच्या खालच्या नॅशनल लीगच्या क्लबांनी एकत्र येऊन तिसरी जागा मागितली आहे. ती द्यायची की नाही हे पहिल्या पायरीचे क्लब वेगळे झाल्यावर लीगमध्ये उरलेल्या ७२ क्लबांच्या मतांवर आहे. ज्यांना खाली जायची भीती सर्वांत जास्त, त्यांनीही हो म्हणायला हवं. माझ्या मते त्यांनी म्हणावं. आजी म्हणतात, हो, पण बरी वर येईपर्यंत थांबू नका.