रेनामो : उगम, संहार आणि समेट

गोव्यास येण्यापूर्वी संत फ्रान्सिस झेवियर 1541-42 मध्ये अनुकूल वाऱ्याची वाट पाहत सुमारे सहा महिने मोझांबिक बेटावर राहिले आणि तेथील इस्पितळात त्यांनी रुग्णांची सेवा केली. पुढे 1752 पर्यंत त्या प्रदेशाचा कारभार गोव्यातूनच चालत असे. आपल्या इतिहासाशी असे नाते असलेल्या या भूमीवर विसाव्या शतकात सोळा वर्षे भाऊ भावावर उठला. त्या यादवीतील बंडखोर संघटना म्हणजे रेनामो. तिची हकिगत येथे मांडण्याचे कारण एवढेच की, ज्यांचे हात रक्ताने माखले आहेत त्यांच्याशी बोलावे काय, हा प्रश्न आपल्यालाही अधूनमधून पडतो.

1975 साली पोर्तुगीज राजवट संपली आणि फ्रेलिमो पक्षाच्या हाती सत्ता आली. शेजारच्या ऱ्होडेशियात तेव्हा अल्पसंख्य गोऱ्यांचे राज्य होते. त्याविरुद्ध लढणाऱ्या गनिमांना मोझांबिकने आश्रय दिला व 1976 मध्ये सरहद्द बंद केली. याचा वचपा काढण्यासाठी ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्याने रेनामोला जन्म दिला. तिचा पहिला नेता आन्द्रे मात्सांगाइसा हा फ्रेलिमोच्याच बंदिवासातून निसटलेला सैनिक होता. 1979 मध्ये तो गोरोंगोझा येथे मारला गेला व अफोन्सो दलाकामा नेता झाला. 1980 मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र होताच रेनामोचे पालकत्व दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारकडे गेले. 1984 च्या न्कोमाती करारात ही मदत थांबविण्याचे वचन त्या सरकारने दिले. ते पाळले मात्र नाही.

तथापि, परक्यांनी लावलेली आग पेटण्यासाठी घरातही वाळलेले गवत असावे लागते. फ्रेलिमोने 1977 मध्ये मार्क्सवाद स्वीकारला. शेतकऱ्यांना सामुदायिक खेड्यांत हलविले गेले, परंपरागत मुखियांचे अधिकार काढून घेतले गेले, आणि ख्रिस्तसभेच्या शाळा व इस्पितळे सरकारजमा झाली. दुखावलेली ही माणसे, विशेषतः मध्य प्रांतांतील, रेनामोला भाकर आणि आसरा देऊ लागली.

पण या संघटनेने त्याच गरिबांचा छळ मांडला. शाळा, दवाखाने, रेल्वेमार्ग उद्ध्वस्त केले. लहान मुलांना पळवून त्यांच्या हाती बंदुका दिल्या. लोकांचे नाक-कान कापले. 1988 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अहवालाने निर्वासितांच्या तोंडूनच हे अत्याचार जगापुढे आणले. सरकारी सैन्यही निर्दोष नव्हते. युद्ध आणि दुष्काळ मिळून सुमारे दहा लाख लोक दगावले असा अंदाज आहे.

सरकारच्या लेखी हे सारे 'सशस्त्र डाकू' होते आणि डाकूंशी बोलणी होत नसतात. बिशपांनी आपल्या पत्रकांतून संवादाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना शत्रूचे साथीदार ठरविण्यात आले. तरीही बेइराचे आर्चबिशप झाइमे गोन्साल्विस रानातल्या तळावर जाऊन दलाकामांना भेटले. दोघेही न्दाऊ समाजाचे. मातृभाषेत बोलणे झाले आणि 'डाकू'मधला माणूस दिसू लागला.

पुढे रोममधील सांत एजिदिओ या प्रापंचिकांच्या समुदायाने आपले घर खुले केले. 1968 साली विद्यार्थिदशेत असताना आन्द्रेआ रिकार्दी यांनी हा समुदाय स्थापिला होता. गरिबांची सेवा आणि सायंकाळची प्रार्थना, हेच त्याचे बळ. त्याच्यापाशी सैन्य नव्हते, पैसाही नव्हता. रिकार्दी, फादर मात्तेओ झुप्पी (आताचे कार्डिनल), आर्चबिशप गोन्साल्विस व इटलीचे मारिओ राफाएल्ली हे चौघे मध्यस्थ झाले. जुलै 1990 पासून सव्वादोन वर्षे, अकरा फेऱ्या बोलणी चालली. अखेर 4 ऑक्टोबर 1992 रोजी, असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, अध्यक्ष चिसानो आणि दलाकामा यांनी करारावर सह्या केल्या. 1994 च्या निवडणुकीत रेनामोला 250 पैकी 112 जागा मिळाल्या.

या समेटाची किंमतही सांगितली पाहिजे. करारानंतर लगेच सार्वत्रिक माफीचा कायदा झाला. ज्या मातांची लेकरे पळविली गेली, त्यांना न्यायालयात दाद मिळाली नाही. काही शस्त्रे लपून राहिली. 2013 मध्ये पुन्हा गोळीबार सुरू झाला. 2018 मध्ये दलाकामा वारले, 2019 मध्ये नवा करार झाला आणि जून 2023 मध्ये रेनामोचा शेवटचा लष्करी तळ बंद झाला. म्हणजे पहिल्या सहीपासून शेवटच्या बंदुकीपर्यंत तीस वर्षे लागली.

क्षमा म्हणजे अपराधाला मान्यता, असे आमच्यातील अनेकांना वाटते. आर्चबिशप गोन्साल्विस रानात गेले ते अपराध झाकण्यासाठी नव्हे. मरणाऱ्या मेंढरांचे मरण थांबावे म्हणून मेंढपाळ तेथे गेला. कधी आपल्या धर्मग्रामात, बांधाच्या वा वाटणीच्या भांडणात, 'त्याचे तोंडही पाहणार नाही' असे शब्द आपल्या ओठांवर येतील, तेव्हा आम्हांला या मेंढपाळाची ती वाट आठवावी.