वेम्बलीच्या रानातील वसंतारंभ: झुडपांची ओळख आणि एक सावधगिरी

वेम्बली पार्क स्थानकापासून जवळच बार्न हिलची टेकडी आहे. १७९३ साली उद्यानरचनाकार हंफ्री रेप्टन याने रिचर्ड पेज याच्या जमिनीची आखणी केली, तीत ही टेकडीही आली. टेकडीला लागून पसरलेल्या फ्रायंट कंट्री पार्कमध्ये गवताळ कुरणे आणि त्यांच्या सीमेवरची जुनी झुडपी कुंपणे अजून टिकून आहेत. फेब्रुवारी सरता सरता हीच कुंपणे पांढरी होऊ लागतात.

पांढरी दिसणारी झुडपे मात्र तीन वेगळी असतात. त्यांची ओळख फुलांपेक्षा पानांवरून लवकर पटते. सर्वांत आधी फुलतो तो चेरी प्लम. त्याच्या कोवळ्या डहाळ्या हिरव्या असतात आणि फुलांसोबतच पालवीही फुटते. मार्च-एप्रिलमध्ये फुलणाऱ्या ब्लॅकथॉर्नच्या काळपट, काटेरी फांद्यांवर एकही पान नसताना फुलांचा सडा पडलेला असतो. हॉथॉर्नचा क्रम नेमका उलटा: कातरलेली पाने मार्चमध्ये येतात, फुलांना मे उजाडतो. कुंपणाच्या तळाशी हृदयाकृती, चकचकीत पानांत लेसर सेलँडाइनची पिवळी फुले दिसतात. आभाळ भरून आले की ती मिटतात.

ओळख चुकल्यास केवळ नाव चुकते असे नाही. पहिल्या पावसातल्या रानभाज्यांची सवय असलेल्या घरांना येथील वाइल्ड गार्लिकचा मोह पडणे स्वाभाविक आहे. ओलसर, सावलीच्या जागी त्याच्या पानांतच लॉर्ड्स-अँड-लेडीज ही वनस्पती उगवते. ती आपल्या अळू-सुरणाच्या कुळातली असून तिच्यातही घशाला टोचणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कोकणात शेवळाची खाज काकडाच्या फळांनी मारतात. तसला उपाय येथे करून पाहू नये. तिचे पूर्ण वाढलेले पान बाणाच्या टोकासारखे, जाळीदार शिरांचे असते, कधी त्यावर काळे ठिपके असतात. कोवळ्या पानाला मात्र हा आकार आलेला नसतो. वाइल्ड गार्लिकच्या लांबट पानात शिरा समांतर धावतात. वासावर विसंबणे धोक्याचे, कारण दोन पाने खुडल्यावर बोटांनाच लसणाचा वास लागतो आणि मग तिसरे कोणतेही पान लसणाचेच वाटते. म्हणून प्रत्येक पान वेगळे पाहावे.

डॅफोडिलचीही अशीच गल्लत होते. त्याचा कंद कांद्यासारखा आणि कळ्यांचे देठ पातीसारखे दिसतात. २०१५ साली पब्लिक हेल्थ इंग्लंडने सुपरमार्केटांना डॅफोडिल भाज्यांपासून दूर ठेवण्यास सांगितले होते.

जमीनमालकाच्या परवानगीवाचून कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणे १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने गुन्हा आहे. चुकून काही खाल्ले गेले आणि तोंडाची आग होऊ लागली, तर १११ वर फोन करावा. घसा सुजून श्वास अडू लागल्यास ९९९. उरलेले पान सोबत ठेवावे, म्हणजे डॉक्टरांना वनस्पती ओळखणे सोपे जाते.