ऑल्टरनेटर, मोटारीतील

एंजिनाच्या गतीपासून वीज निर्माण करून बॅटरी भारित ठेवणारे व गाडीतील विद्युत उपकरणांना वीज पुरवणारे जनित्र. खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ मध्ये सुरू झालेल्या जलविद्युत केंद्राच्या जनित्रांचे तत्त्वही हेच : चुंबकीय क्षेत्र फिरले की स्थिर वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो.

रचना : पट्ट्याने फिरणाऱ्या रोटरला (विद्युतचुंबकाला) कार्बन ब्रशांमधून प्रवाह मिळतो. स्टेटरमधील (स्थिर वेटोळ्यांतील) त्रिकला वीज डायोड एकदिश करतात. रेग्युलेटर रोटरचा प्रवाह कमीजास्त करून दाब सुमारे १४ व्होल्ट राखतो.

वायरिंग : जाड तार ऑल्टरनेटरपासून बॅटरीच्या धन टोकाला जाते. बारीक तार डॅशबोर्डवरील बॅटरीच्या दिव्यामार्गे किल्लीच्या स्विचला जोडलेली असते. परतीचा मार्ग एंजिन व सांगाड्यातून, म्हणजे अर्थिंगमधून असतो.

बोरघाटातील ताण : पावसाळ्यात खोपोली–खंडाळा चढावर दिवे, वायपर व पंखा एकदम चालतात. वाहतूक तुंबून एंजिन मंद फिरू लागले की वीजनिर्मिती घटते व तूट बॅटरीतून भरली जाते. कर्जत-खालापूरच्या दमट हवेत अर्थिंगचे सांधे गंजतात. ते पावसाआधी घासून घट्ट करावेत.

तपासणी : एंजिन बंद असताना भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. एंजिन चालू करूनही दाब वाढला नाही, तर पट्टा, ब्रश, डायोड व जोडण्या तपासाव्यात. १५ व्होल्टपुढे गेला, तर रेग्युलेटर पाहावा. चालू एंजिनावर बॅटरीची तार कधीही काढू नये. दाब उसळून डायोड व इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.