वीटकामाचे भूकंपरोधक दृढीकरण

वीटकामाचे भूकंपरोधक दृढीकरण : विटांच्या भारवाही भिंती भूकंपात ढासळू नयेत म्हणून त्या बांधताना, किंवा बांधून झाल्यावर, परस्परांशी व छताशी जखडण्याच्या पद्धती. विटा व चुना किंवा माती यांनी रचलेली भिंत वरून येणारा भार उत्तम पेलते; ताण मात्र तिला सोसत नाही. भूकंपात जमीन आडवी हलते आणि भिंतीचे वस्तुमान निरूढीमुळे मागे राहू पाहते. लांबीच्या दिशेने बसणारा हादरा भिंत बऱ्याच अंशी सहन करते. तोच हादरा तिच्या पृष्ठभागाशी काटकोनात आला, तर ती बाहेरच्या बाजूस कलंडते. भेगा बहुधा कोपऱ्यांत पडू लागतात, लगतच्या भिंती विलग होतात आणि छताचा आधार सुटतो. भिंत जितकी जाड तितकी सुरक्षित, ही समजूत येथे अपुरी ठरते. कारण वजनाबरोबर आडवी प्रेरणाही वाढते.

भारतीय उपखंडात या विषयाचा पद्धतशीर विचार बलुचिस्तानातील क्वेट्टा (आता पाकिस्तानात) येथे झाला. ऑगस्ट १९३१ मध्ये शरीग व माच येथे मोठे भूकंप झाले. त्यानंतर रेल्वेतील तरुण अभियंते एस. एल. कुमार यांनी क्वेट्टा येथील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांसाठी नवा आराखडा केला. जुन्या रुळांचा सांगाडा करून त्यात वीटकाम बसविण्यात आले आणि इमारतीच्या वजनाच्या एक-दशांश इतकी आडवी प्रेरणा गृहीत धरण्यात आली. कुमार यांनी १९३३ मध्ये आपली उपपत्ती व भारताचा भूकंपप्रवणतेचा नकाशाही प्रसिद्ध केला. शहरातील इतर बांधकाम मात्र पूर्वीसारखेच राहिले. मातीत रचलेल्या विटा व वर मातीचे जड छत, असे त्याचे सामान्य स्वरूप होते. ३१ मे १९३५ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात क्वेट्टा जवळजवळ भुईसपाट झाले. मृतांची संख्या सु. ३०,००० ते ६०,००० असावी, असा अंदाज आहे. रेल्वेची ती निवासस्थाने मात्र उभी राहिली. उपाय काही वर्षांपूर्वीच त्याच गावात बांधून दाखविलेला होता, हे या दुर्घटनेचे विशेष शोचनीय अंग होय.

पुनर्रचनेच्या वेळी बांधकामाचे कडक नियम करण्यात आले. ‘क्वेट्टा बंध’ ही विटांची रचना त्यातूनच रूढ झाली. तीत दीड विटेच्या भिंतीत विटा अशा मांडतात की, ठराविक अंतरावर उभ्या पोकळ्या राहतात. त्यांतून पोलादी सळया पायापासून छतापर्यंत नेऊन पोकळ्या मसाल्याने किंवा काँक्रीटने भरतात. नेहमीच्या गवंड्याला हे काम थोड्या शिक्षणाने जमते, हा या रचनेचा मोठा गुण. याखेरीज जोते, लिंटल व छत या पातळ्यांवर सलोह काँक्रीटचे आडवे पट्टे घालण्यात येऊ लागले. असा पट्टा सर्व भिंतींवरून अखंड फिरवावा लागतो. कोपऱ्यात तुटलेल्या पट्ट्याचा उपयोग फारसा नसतो.

आडव्या बंधनाची ही कल्पना परंपरेला अपरिचित नव्हती. श्रीनगरातील ‘ताक’ पद्धतीच्या घरांत विटांच्या जाड खांबांना मजल्यांच्या पातळीवर लाकडी तुळयांनी बांधलेले असते, तर ‘धज्जी देवारी’ पद्धतीत लाकडी चौकटींच्या लहान लहान घरांत विटा भरतात. काँक्रीटच्या पट्ट्याने लाकडाचेच काम अधिक टिकाऊ रीतीने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात रुडकी विद्यापीठात १९६० पासून भूकंप अभियांत्रिकीचे अध्यापन व संशोधन सुरू झाले. रुळांवरून चालणाऱ्या वाघिणीच्या मंचावर लहान घरांचे नमुने बांधून त्यांना धक्के देण्याचे प्रयोगही तेथे झाले. भारतीय मानक ४३२६ (१९६७) मध्ये अशा इमारतींच्या बांधकामाचे नियम आले; दुरुस्ती व दृढीकरण यांसाठी मानक १३९३५ हे १९९३ मध्ये निघाले. त्याच वर्षी, ३० सप्टेंबर रोजी, किल्लारी (जि. लातूर) येथील भूकंपाने महाराष्ट्रात या प्रश्नाकडे लक्ष वेधले. तेथील भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या व त्यांचे दोन थर एकमेकांपासून सुटून कोसळले. तत्त्व मात्र वीटकामाचेच : थरांना आरपार जोडणारे घटक व भिंतींना बांधणारे पट्टे हवेत.

उभ्या असलेल्या घराच्या बाबतीत नवा पट्टा भिंतीत घालता येत नाही. तेव्हा गिलावा खरवडून, दर्जा साफ करून, लिंटलच्या वर आडव्या व कोपऱ्यांत उभ्या तारजाळीच्या पट्ट्या बसवितात आणि त्यांवर सिमेंटचा गिलावा करतात. जाळी भिंतीच्या दोन्ही अंगांना लावून आरपार सळयांनी जोडणे श्रेयस्कर. तसे न केल्यास गिलावा जाळीसह सुटण्याचा संभव असतो. छताच्या तुळया भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असतील, तर त्या भिंतीशी जखडाव्या लागतात. कोपऱ्यालगतची खिडकी बुजविणे हाही एक स्वस्त उपाय आहे. मात्र घरमालक त्यास सहसा राजी नसतो.