जुना संगणक सुरूच होत नसेल तर...

बटण दाबूनही जुना डेस्कटॉप संगणक सुरू झाला नाही, की त्यातील छायाचित्रे व कागदपत्रे गेली, अशी भीती प्रथम वाटते. ती बहुधा अनाठायी असते. ही माहिती हार्ड डिस्कवर असते आणि दोष पुष्कळदा अन्य भागांत आढळतो.

पंखाही फिरत नसल्यास सॉकेट व वायर तपासावी. त्यानंतर संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीवर घ्यावा. ही पेटी स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार काही काळ टिकून राहतो.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो व आतून 'बीप' ऐकू येतात, तेव्हा अनेकदा रॅम कारणीभूत असते. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच रॅम काढावी; तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसून ती पुन्हा घट्ट बसवावी. दमट हवेच्या गावांत हा साधा उपाय फार उपयोगी पडतो.

घड्याळ दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी बदलावी. मदरबोर्डवरील कपॅसिटरचे माथे फुगलेले दिसल्यास मात्र प्रकरण निराळे. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष कपॅसिटर बसविले गेले होते. अशा बोर्डावर पैसा घालवण्यापेक्षा हार्ड डिस्क काढून, ती आयडीई आहे की साटा हे पाहून, योग्य यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकास लावावी व माहिती उतरवून घ्यावी. डिस्कमधूनच टकटक आवाज येत असल्यास ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये.