कोयत्याच्या हंगामात लेकरांची लस : कोणाची कोणती चुकते आणि कुठं मिळते

दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी भागातल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडं निघतात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. हे पाच-सहा महिने लसीचं वेळापत्रक मात्र चालूच राहतं. लेकरू कोणत्या महिन्यात जन्मलं, यावरच त्याची कोणती लस अडचणीत येणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

जुलैच्या मध्यात जन्मलेलं बाळ घ्या. दीड महिन्याची लस ऑगस्टअखेर, अडीच महिन्यांची सप्टेंबरअखेर, साडेतीन महिन्यांची ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते. म्हणजे पेंटाचे दोन डोस गावात होतात आणि तिसऱ्याच्या वेळी गाडीत संसार भरलेला असतो. फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाचे पहिले तिन्ही डोस बहुधा होऊन जातात, पण नऊ महिने नोव्हेंबरात भरतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नेमका फडात असताना येतो. सगळ्यात अवघड गत डिसेंबर-जानेवारीत कोपीवरच जन्मलेल्या बाळाची. बीसीजी, कावीळ-बची जन्मलस, पोलिओचे पहिले थेंब हे सगळं दवाखान्यात बाळंतपण झालं तरच वेळेवर मिळतं. कावीळ-बची लस तर पहिल्या २४ तासांतच द्यायची असते.

सरकारच्या खास मोहिमा यात कितपत उपयोगी पडतात? सुटलेल्या बालकांसाठी मिशन इंद्रधनुष्य २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालं. त्याच्या २०२३ च्या विशेष मोहिमेच्या तीन फेऱ्या ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत झाल्या. ऊसतोडीच्या गावांसाठी ही वेळ चांगलीच, कारण तेव्हा माणसं घरी असतात. दोन फेऱ्यांत जवळपास महिन्याचं अंतर होतं. पेंटाच्या दोन डोसांत निदान चार आठवडे जावे लागतात, त्यात ते बसतं. पण अशी मोहीम मागची बाकी भरून काढते. नोव्हेंबर ते मार्चमध्ये ज्याची पाळी येणार, त्याला ती आगाऊ लस देऊ शकत नाही. ती लस फडाजवळच मिळायला हवी.

पल्स पोलिओची फेरी अनेकदा जानेवारी ते मार्चमध्ये असते. पथकं कारखान्यावर, वीटभट्टीवर, एसटी स्टँडवरही जातात, त्यामुळं पाच वर्षांखालची बरीच लेकरं त्यात सापडतात. इथंच एक घोटाळा होतो. करंगळीवर शाई लागली की घरच्यांना वाटतं लसीकरण झालं. ते थेंब फक्त पोलिओचे असतात. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस त्यात नसते.

गोवर तर दाटीत झपाट्यानं पसरतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईतलं गोवंडी, मालेगाव, भिवंडी इथं उद्रेक झाला, बालकं दगावली. तेव्हा उद्रेकाच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस देण्यात आला. एकाला लागून एक कोप्या असलेला अड्डा काही त्या वस्त्यांपेक्षा मोकळा नसतो.

फडाजवळ लस मिळते का? मिळते, आणि फुकट मिळते. अड्डा ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत आहे, तिथं किंवा जवळच्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी बाळाला न्यायचं. बाळ कुठल्या जिल्ह्याचं, रेशनकार्ड कुठलं, याचा लसीशी संबंध नाही. डोस लांबला असला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिला तिथून पुढं देतात. साधी सर्दी, किरकोळ ताप असला तरी लस थांबत नाही.

खरी अडचण खाड्याची असते. बाळाला घेऊन दवाखान्यात जायचं म्हणजे एका कोयत्याचा दिवस गेला. वर पेंटानंतर रात्रभर ताप आणि रडारड झाली तर दुसऱ्या दिवशीही काम होत नाही. म्हणून सिस्टरनं सांगितल्याप्रमाणं तापाचं औषध जवळ ठेवावं, एका दिवसात उतरणारा ताप घाबरण्यासारखा नसतो. मुकादमाच्या वहीत उचल रुपयापर्यंत लिहिलेली असते, टोळीत दोन वर्षांखालची लेकरं किती, याचा रकाना मात्र नसतो. ती यादी पोचल्याबरोबर तिथल्या आशाताईंकडं दिली, तर सिस्टर अड्ड्यावर येऊन एकाच दिवसात सगळ्यांना लस देऊ शकतात.

आजीजवळ गावात राहिलेली लेकरं सुरक्षित, असं धरलं जातं. पण कित्येकदा लेकरू आजीजवळ आणि लसीचं कार्ड आईच्या पिशवीत कर्नाटकात! निघण्याआधी कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो घरच्या दोन-तीन मोबाईलवर ठेवावेत. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल, तर पहिल्या नोंदी माहेरच्या उपकेंद्रात असतात, सासरी नाव चढवून घ्यावं लागतं. यू-विनवर नोंद असली तर दुसऱ्या जिल्ह्यातही दिसते, पण तिथं दिलेला नंबर बंद पडला की शोधाशोध होते.

मोठ्या लेकरांकडं तर कुणाचं लक्षच नसतं. पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर आणि दहा वर्षांची धनुर्वात-घटसर्पाची लस बऱ्याच ठिकाणी शाळेत देतात. आईबापाबरोबर गेलेलं पोर त्या दिवशी शाळेत नसतं.

उशीर झाला तरी काही लसींना मुदत आहे. बीसीजी आणि रोटाचा पहिला डोस एक वर्षाच्या आतच. पेंटाचा निदान एक डोस वर्षाच्या आत झाला असेल तर बाकीचे पुढं घेता येतात, एकही झाला नसेल तर सात वर्षांपर्यंत डीपीटी देतात. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. जपानी मेंदूज्वराची लस सरकारी कार्यक्रमात ठरावीक जिल्ह्यांतच आहे, त्यात विदर्भातले काही जिल्हे येतात. तिथून बाहेर कामाला जाणाऱ्यांना ती परजिल्ह्यात मिळेलच असं नाही, त्यामुळं नऊ महिने पूर्ण झाले असतील तर ती गावातूनच घेऊन निघावं.