विषारी मशरूम आणि भाड्याची कॅसेट
१९८६ साली जपानात ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ आला. त्यात मशरूमही विषारी निघत. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेतील हॉवर्ड फिलिप्स यांना तो फारच जाचक वाटला. १९८८ मध्ये तिथे त्याच नावाने ‘डोकी डोकी पॅनिक’वर बेतलेला निराळाच खेळ विकला गेला.

यावरून जपानी चिवट आणि अमेरिकी सुखासीन, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. १९९४ च्या ‘कॉन्ट्रा: हार्ड कोर’मध्ये जपानी खेळाडूला एका जिवात तीन घाव सोसता येत, अमेरिकी आवृत्तीत पहिल्याच घावाला जीव जाई!

याचे एक कारण स्वभावात नव्हे, दुकानात सापडते. १९८४ च्या कायदादुरुस्तीनंतर जपानात खेळ भाड्याने देणे जवळपास थांबले. अमेरिकेत ते सर्रास चाले. दोन दिवसांच्या भाड्यात संपणारी कॅसेट विकत कोण घेणार?